स्टीलर्सना स्वतःचा टॉपचा कॉर्नरबॅक का घडवता येत नाही?

पिट्सबर्ग स्टीलर्स म्हटलं की पहिला शब्द येतो तो डिफेन्स. अमेरिकन फुटबॉल ज्यांनी थोडाफार बघितलाय त्यांना हे सांगायला नको, सहा सुपर बोल म्हणजे लीगच्या फायनल जिंकलेल्या, सत्तरच्या दशकातली स्टील कर्टन म्हणून ओळखली जाणारी ती डिफेन्सची फळी, जॅक लॅम्बर्ट, जॅक हॅम, नंतर जेम्स हॅरिसन, ट्रॉय पोलामालू, आता टी. जे. वॉट, म्हणजे एक गेला की दुसरा तयारच. लाईनबॅकर, म्हणजे डिफेन्सच्या मधल्या फळीतले खेळाडू, घडवायचं तर या टीमचं घराणंच आहे. पण त्याच डिफेन्समधली एक जागा अशी आहे की तिथे वर्षानुवर्षं हात लावला की काहीतरी बिनसतं, ती म्हणजे कॉर्नरबॅक. रॉड वूडसन १९९६ चा सीझन खेळून पिट्सबर्ग सोडून गेला, आणि त्यानंतर १९९७ पासून २०२४ च्या सीझनपर्यंत स्टीलर्सनी स्वतः ड्राफ्टमधून, म्हणजे कॉलेजातल्या नव्या खेळाडूंच्या दरवर्षीच्या निवडीतून, उचललेला एकही कॉर्नरबॅक प्रो बोलपर्यंत पोचला नाही. एकही नाही. प्रो बोल म्हणजे त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूंची निवड, आणि इतक्या वर्षांत इतर टीम्सनी अक्षरशः डझनांनी असे कॉर्नर काढले.

मला हा विषय फार दिवस खुणावतोय कारण लोक याचं उत्तर एका वाक्यात देतात, "त्यांच्या स्काऊट्सना कॉर्नर ओळखता येत नाहीत", आणि विषय संपवतात. ते पूर्ण खोटं नाहीये पण अर्धवट आहे. माझं मत असं की स्टीलर्सनी कित्येक वर्षं असा डिफेन्स चालवला ज्याला भारी कॉर्नरची गरजच नव्हती, आणि जेव्हा गरज पडली तेव्हा तो निवडायची आणि शिकवायची दोन्ही सवयी मोडलेल्या होत्या. आता हे नीट समजून घ्यायचं तर आधी कॉर्नरबॅक नेमकं करतो काय ते बघू, ज्यांना माहितीये त्यांनी पुढचे दोन पॅराग्राफ सोडले तरी चालेल.

समोरच्या टीमचा क्वार्टरबॅक बॉल फेकतो आणि रिसीव्हर तो पकडायला पळतो. कॉर्नरबॅकचं काम त्या रिसीव्हरला पकडू न देणं. ऐकायला सोपं आहे, पण रिसीव्हरला माहिती असतं की तो कुठे पळणार, कितव्या पावलाला वळणार, आणि कॉर्नरला यातलं काहीच माहिती नसतं. वर सुरुवात त्याला उलटं पळत करायची असते, तोंड बॉलकडे, पाय मागे. रिसीव्हर पूर्ण स्पीडला आला की कॉर्नरने कंबर फिरवून त्याच्या बरोबरीने पळायचं, आणि ही कंबर फिरवायची वेळ अर्धा क्षण जरी चुकली, किंवा उजवीकडे फिरायचं तिथे डावीकडे फिरला, की दोन यार्डांचं अंतर पडलं आणि एवढ्या अंतरात टॉम ब्रेडीसारखा माणूस डोळे मिटून बॉल टाकेल. आपल्या कबड्डीत कॉर्नरला उभा असलेला डिफेंडर कसा रेडरचा पाय आत येईपर्यंत थांबतो, आधी झेप घेतली की मेलाच, इथेही तेच, फक्त इथे रेडर तीस-चाळीस यार्ड पळत असतो आणि तुम्ही त्याच्यासोबत.

दुसरी गोष्ट म्हणजे हे काम दोन पद्धतीने होतं. एक, मॅन, म्हणजे हा रिसीव्हर तुझा, तो जिथे जाईल तिथे तू. दोन, झोन, म्हणजे मैदानाचा हा तुकडा तुझा, त्यात जो येईल तो तुझा, आणि नजर बॉलवर ठेव. मॅनमध्ये एकट्याची कसोटी लागते, मदत नसते, चुकला तर थेट टचडाऊन (म्हणजे बॉल मैदानाच्या शेवटच्या पट्ट्यात, एंड झोनमध्ये, पोचून गुण) आणि सगळ्या स्टेडियमला कळतं की कोण चुकला. झोनमध्ये चूक वाटली जाते, सगळ्यात मागे राखण करणारा सेफ्टी असतो, समोर लाईनबॅकर असतो. एलिट कॉर्नर म्हणतात तो सहसा मॅनमध्ये समोरच्या सगळ्यात भारी रिसीव्हरला एकटा सांभाळणारा, ज्याच्यामुळे बाकीचे दहा जण दुसरीकडे लक्ष देऊ शकतात. अशा माणसाची किंमत म्हणूनच इतकी जास्त असते.

आणि गंमत बघा, कॉर्नर घडवायचं काम याच टीमने एकेकाळी इतकं भारी केलंय की त्यासाठी लीगला नियम बदलावा लागला. मेल ब्लाऊंट, १९७० चा तिसऱ्या राऊंडचा ड्राफ्ट, सदर्न युनिव्हर्सिटीचा. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या कॉलेजांकडे तेव्हा बऱ्याच टीम्स नीट बघतही नव्हत्या, स्टीलर्सकडे मात्र बिल नन होता, आधी पिट्सबर्गच्या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रात पत्रकार असलेला माणूस, त्याला ही सगळी कॉलेजं तळहातासारखी माहिती. ब्लाऊंट आला तेव्हा काही तयार वगैरे नव्हता. १९७१ मध्ये मायामीच्या पॉल वॉरफिल्डने त्याला एका मॅचमध्ये असा धुतला की गडी खेळ सोडायच्या विचारात होता. पण टीमने त्याला ठेवला, शिकवला, खेळवत राहिले, आणि १९७२ च्या अख्ख्या सीझनमध्ये त्याने स्वतःच्या माणसाला एकही टचडाऊन दिला नाही. १९७५ मध्ये ११ इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्याने फेकलेला बॉल ११ वेळा मध्येच पळवला, वर्षातला सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडू. रिसीव्हरला तो पूर्ण रस्ताभर ढकलत, दाबत न्यायचा, इतका की १९७८ मध्ये लीगने नियम केला, पाच यार्डांनंतर रिसीव्हरला हात लावायचा नाही. लोक त्याला आजही मेल ब्लाऊंट रूल म्हणतात.

पुढे रॉड वूडसन. १९८७, पहिला राऊंड, दहावा नंबर. हा दहावा नंबर लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल, कारण आदल्या वर्षी स्टीलर्स ६ जिंकून १० हरले होते म्हणूनच एवढा वरचा नंबर मिळाला. वूडसन १९९३ मध्ये वर्षातला सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडू झाला. १९९५ मध्ये पहिल्याच मॅचला बॅरी सँडर्सला टॅकल करताना गुडघ्याचं लिगामेंट गेलं आणि त्याच सीझनच्या शेवटी तो सुपर बोल खेळायला मैदानात उतरला, हे आजही वाचताना अंगावर काटा येतो. पण १९९६ नंतर करार संपला, टीमने जाऊ दिला, तो सॅन फ्रान्सिस्कोला गेला, मग बाल्टिमोरला जाऊन सेफ्टी म्हणून सुपर बोल जिंकला. त्याच्या जागी १९९७ ला पहिल्या राऊंडमध्ये चॅड स्कॉट घेतला, चांगला खेळाडू होता, वूडसन नव्हता. आणि त्यानंतर पहिल्या राऊंडमध्ये कॉर्नर घ्यायला स्टीलर्सना थेट २०१६ साल उजाडलं. मध्ये एकोणीस वर्षं.

आता कोणी म्हणेल एकोणीस वर्षं झोपले होते का, तर नाही, उलट त्यांचं सगळं उत्तम चाललं होतं आणि इथेच सगळी मेख आहे. २००४ पासून डिफेन्स चालवायला होते डिक लबो. हे स्वतः डेट्रॉइटचे कॉर्नरबॅक, कारकिर्दीत ६२ इंटरसेप्शन, म्हणजे कॉर्नर म्हणजे काय हे त्यांच्यापेक्षा जास्त कोणाला कळणार. त्यांची ओळख म्हणजे झोन ब्लिट्झ. थोडक्यात असं, की क्वार्टरबॅकवर धावून कोण येणार हेच त्याला कळू द्यायचं नाही, लाईनबॅकर येईल, कधी सेफ्टी येईल, आणि जो धिप्पाड गडी पुढे येईल असं वाटत होतं तोच मागे सरकून पासच्या रस्त्यात उभा राहील. मागे बाकीचे झोनमध्ये. क्वार्टरबॅक गोंधळतो, घाईत बॉल सोडतो.

यात कॉर्नरला काय सांगितलेलं असतं? मागे राहा, खेळ तुझ्या समोर ठेव, कोणी तुझ्या डोक्यावरून गेला नाही पाहिजे, आणि बॉल छोटा पकडला तर लगेच टॅकल कर. बस. हॅरिसन दोन सेकंदात क्वार्टरबॅकच्या अंगावर असेल तर कॉर्नरला चार सेकंद कोणाला चिकटून राहायची वेळच येत नाही. मग पहिला राऊंड कॉर्नरवर कशाला खर्च करायचा? चौथ्या-पाचव्या राऊंडचा इमानदार, टॅकल करणारा पोरगा पुरतो. आणि खरंच पुरला. डीशे टाउनसेंड, १९९८ चा चौथा राऊंड, बारा सीझन खेळला. विल्यम गे, २००७ चा पाचवा राऊंड. आणि आयक टेलर, २००३ चा चौथा राऊंड, जो कॉलेजात आधी रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारा होता, कॉर्नर म्हणून जेमतेम खेळलेला, तो बारा सीझन उभा राहिला. माझ्या मते वूडसननंतर टीमने घडवलेला सगळ्यात चांगला कॉर्नर हाच. सुपर बोल ४० मध्ये चौथ्या क्वार्टरमध्ये समोरचा क्वार्टरबॅक हॅसलबेकचा बॉल त्यानेच पळवला. फक्त हात लोण्यासारखे, हातात आलेले बॉल सुटायचे, बारा सीझनमध्ये १४ इंटरसेप्शन म्हणजे फारच कमी, आणि मला वाटतं प्रो बोल हुकायचं मोठं कारण तेच.

२००८ मध्ये तर हा डिफेन्स यार्डांमध्ये, पासमध्ये, पॉइंट्समध्ये, तिन्हीत लीगमध्ये पहिला होता, आणि सुपर बोल जिंकला. त्या वर्षीचे कॉर्नर कोण, टेलर, मॅकफॅडन, टाउनसेंड, गे. यातला एकही स्टार नाही. आता तुम्हीच सांगा, त्या ऑफिसमध्ये बसलेल्या माणसाला कॉर्नरवर पैसे आणि पिक, म्हणजे ड्राफ्टमधला निवडीचा हक्क, घालवायची बुद्धी कशी होणार? त्यांचा निर्णय त्या वेळेला बरोबरच होता. मला त्यात काही मूर्खपणा दिसत नाही.

पण अजून एक गोष्ट होती जी त्यांच्या हातात नव्हती. ड्राफ्ट असा चालतो की आदल्या वर्षी जो सगळ्यात वाईट हरला तो पहिला निवडणार आणि जो जिंकला तो शेवटी. स्टीलर्स कधी फार वाईट हरतच नाहीत. माइक टॉमलिन २००७ ला कोच झाला आणि त्याच्या हाताखाली टीमचा एकही सीझन निम्म्यापेक्षा जास्त पराभवाचा गेला नाही. अभिमानाची गोष्ट आहे, पण मग नंबर बहुतेकदा विसाच्या आसपास किंवा पुढे येतो, आणि खरे टॉपचे कॉर्नर तोपर्यंत संपलेले असतात. जो हेडन सातवा गेला, पॅट्रिक पीटरसन पाचवा, जेलन रॅम्सी पाचवा, डेन्झेल वॉर्ड चौथा, पॅट सरटेन नववा, सॉस गार्डनर चौथा. उंची, स्पीड, लवचिक कंबर, बॉल पकडायचे हात आणि चूक झाल्यावर पुढच्या खेळाला ती विसरायची ताकद, हे सगळं एका माणसात असणारे पोरं वर्षाला दोन-तीन निघतात, आणि ती लपून राहत नाहीत.

यात एक किस्सा मला फार लागतो. पिट्सबर्गच्या जवळ अलिक्विपा नावाचं छोटं गाव आहे, पोलादाच्या गिरण्यांचं, गिरण्या बंद पडल्यावर ओसरलेलं. या एवढ्याशा गावाने हॉल ऑफ फेममध्ये गेलेले दोन कॉर्नरबॅक दिले, टाय लॉ आणि डॅरेल रेव्हिस. रेव्हिस तर शिकला पण पिट्सबर्ग युनिव्हर्सिटीत, म्हणजे त्याचं कॉलेज आणि स्टीलर्स एकाच स्टेडियममध्ये खेळतात आणि प्रॅक्टिसची जागाही एकच इमारत, एका बाजूला कॉलेजचे, एका बाजूला प्रोफेशनल. रोज डोळ्यासमोर. २००७ च्या ड्राफ्टमध्ये स्टीलर्सचा नंबर १५ वा. न्यूयॉर्क जेट्सनी कॅरोलायनाशी सौदा करून आपला नंबर वर सरकवला, १४ वा घेतला, आणि रेव्हिसला उचललं. पुढच्याच नंबरला स्टीलर्सनी लॉरेन्स टिमन्स घेतला, लाईनबॅकर, चांगला निघाला, वर्षानुवर्षं खेळला. रेव्हिस त्यांच्यापर्यंत आला असता तर त्यांनी घेतला असता का हे कोणी खात्रीने सांगू शकत नाही, पण घरच्या अंगणात वाढलेला पोरगा न्यूयॉर्कला जाऊन त्या काळातला सगळ्यात भारी कॉर्नर झाला, रेव्हिस आयलंड असं त्याच्या बाजूचं नाव पडलं कारण तिथे रिसीव्हर एकटा पडायचा, आणि इकडे हे चौथ्या राऊंडमध्ये शोधत बसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय म्हणायचं.

मधल्या काळात खेळ बदलत होता. त्यातही अलिक्विपाचाच माणूस आहे. जानेवारी २००४ मध्ये टाय लॉ न्यू इंग्लंडकडून खेळताना इंडियानापोलिसचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगचे एका मॅचमध्ये तीन बॉल पळवतो, इंडियानापोलिसचे रिसीव्हर्स त्या दिवशी पार दाबून टाकलेले असतात, मग ओरड होते आणि लीग ठरवते की तो १९७८ चा पाच यार्डांचा नियम आता कडक लावायचा. तिथून पासिंग सोपं होत गेलं. क्वार्टरबॅक झटपट फेकायला लागले, तीन पावलं मागे आणि बॉल हातातून गेला, म्हणजे ब्लिट्झ पोचायच्या आत खेळ संपलेला. झोनमध्ये मागे उभा असलेला कॉर्नर समोर पाच-सात यार्डांचा पास होताना नुसता बघतो आणि टॅकल करतो, परत तेच, परत तेच, असं करत समोरचे ऐंशी यार्ड चालून जातात. ज्या गृहीतकावर सगळं उभं होतं, की कॉर्नरला फार वेळ चिकटायला लागणार नाही, ते दोन्ही बाजूंनी गेलं, कारण आता सुरुवातीच्या दोन सेकंदातच चिकटून असणं गरजेचं झालं.

दोन मॅच सांगतो, त्यात सगळं दिसतं. पहिली ८ जानेवारी २०१२, डेन्व्हर. त्या सीझनमध्ये स्टीलर्सचा पास डिफेन्स यार्डांच्या हिशोबात लीगमध्ये पहिला होता हे आधी लक्षात घ्या. समोर टिम टीबो, ज्याला पासिंग जमत नाही असं सगळे म्हणायचे. २३-२३, ओव्हरटाईम, पहिलाच खेळ. टीबो पळणार किंवा पळवणार या अंदाजाने सगळा डिफेन्स पुढे झुकलेला, सेफ्टी सुद्धा पुढे येतो, त्यात नेहमीचा सेफ्टी रायन क्लार्क नाही कारण त्याला सिकल सेल ट्रेट हा रक्ताचा आनुवंशिक दोष आहे आणि डेन्व्हरच्या उंचीवर खेळणं त्याच्या जिवाला धोक्याचं. बाहेर डिमेरियस थॉमससमोर आयक टेलर एकटा. थॉमस आत वळतो, बॉल छातीत येतो, टेलर मागे राहतो, थॉमस एका हाताने त्याला ढकलतो आणि ८० यार्ड. अकरा सेकंदात ओव्हरटाईम खलास. मागे कोणीच नव्हतं. पहिल्या नंबरचा पास डिफेन्स, आणि जेव्हा एका कॉर्नरने एका रिसीव्हरला एकट्याने धरायचं होतं तेव्हा ते झालं नाही. टेलरला दोष देणं सोपं आहे पण अख्खी कारकीर्द ज्याला मदतीच्या भरवशावर खेळवलं त्याला अचानक एकटं सोडलं हेही तितकंच खरं आहे.

दुसरी मॅच २२ जानेवारी २०१७, एएफसी चॅम्पियनशिप म्हणजे सुपर बोलच्या आधीची सेमीफायनल, आपल्याकडे सोमवारची पहाट. लबो २०१५ च्या सुरुवातीलाच टीम सोडून गेलेले, कीथ बटलर डिफेन्स बघतोय, पण पाया झोनचाच. समोर न्यू इंग्लंडचा ब्रेडी. ब्रेडीसमोर झोन खेळणं म्हणजे काय हे ज्यांना बघायचं असेल त्यांनी ती मॅच बघावी. ३८४ यार्ड, तीन टचडाऊन, ३६-१७. आणि सगळ्यात जास्त कोणी मारलं, ख्रिस होगनने, १८० यार्ड आणि दोन टचडाऊन, जो ड्राफ्टमध्ये कोणी घेतलाही नव्हता आणि कॉलेजात लॅक्रॉस खेळायचा. पहिल्या टचडाऊनला तो एंड झोनच्या मागच्या रेषेपाशी असा उभा होता की आसपास चिटपाखरू नाही. एक झोन संपतो आणि दुसरा सुरू होतो त्या फटीत ब्रेडी पुन्हा पुन्हा बॉल टाकत होता, स्टीलर्सचे कॉर्नर एकमेकांकडे बघत होते की हा तुझा होता की माझा. मॅनमध्ये खेळून बघा ना, असं बघणारा प्रत्येकजण म्हणत असेल, पण मॅन खेळायला तशी माणसं लागतात आणि ती नव्हती.

प्रयत्न केले नाहीत असं मात्र नाही. २००९ ला तिसऱ्या राऊंडमध्ये कीनन लुईस घेतला, तीन वर्षं बसवून शिकवला, चौथ्या वर्षी खरोखर चांगला झाला, आणि करार संपल्यावर आपल्या गावच्या टीमकडे, न्यू ऑर्लिन्सला निघून गेला. २०११ ला लागोपाठ दोन, तिसऱ्यात कर्टिस ब्राउन, चौथ्यात कॉर्टेझ ॲलन, त्याच ड्राफ्टमध्ये पाचव्या राऊंडला सिॲटलने रिचर्ड शर्मन घेतला. ॲलनला २०१४ च्या सीझनच्या तोंडावर मोठा करार दिला आणि तोच सीझन संपायच्या आत बाहेर बसवला. २०१५ चा सेन्क्वेझ गोल्सन, दुसरा राऊंड, कॉलेजच्या शेवटच्या वर्षात दहा इंटरसेप्शन, बॉल कुठे येणार हे बरोबर हेरणारा पोरगा. पहिल्या वर्षी खांद्याचं ऑपरेशन, दुसऱ्या वर्षी पायाचं हाड, तिसऱ्या वर्षी परत दुखापत, आणि स्टीलर्ससाठी एकही नियमित मॅच न खेळता विषय संपला. याला कोणी काय करणार.

मग २०१६, एकोणीस वर्षांनी पहिला राऊंड, नंबर २५. सगळ्यांचा अंदाज होता की ह्यूस्टनचा विल्यम जॅक्सन घेतील. २४ व्या नंबरला सिनसिनाटीने, म्हणजे त्याच डिव्हिजनमधल्या वैऱ्याने, तो उचलला. स्टीलर्सनी मायामी युनिव्हर्सिटीचा आर्टी बर्न्स घेतला. बर्न्स अडथळ्यांच्या शर्यतीतला जबरदस्त धावपटू, स्पीड भरपूर, हात चांगले, पण तंत्र कच्चं, आणि घरची परिस्थिती अशी की आई अचानक गेली आणि धाकट्या भावंडांची जबाबदारी त्याच्यावर आली म्हणून कॉलेज अर्ध्यावर सोडून लवकर आलेला. अशा मुलाला वेळ द्यायला हवा होता, एक-दीड वर्ष पायांवर काम, कमी खेळवणं. पण जागा रिकामी, लगेच खेळवला. पहिल्या वर्षी तीन इंटरसेप्शन घेतले, सगळे खूश, दुसऱ्या वर्षी गाडी थांबली, तिसऱ्या वर्षी बेंचवर. विल्यम जॅक्सनचं काय झालं विचाराल तर २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये स्टीलर्सनी त्याला वॉशिंग्टनकडून सौदा करून आणलाच शेवटी, आणि दुखापतीमुळे तो पिट्सबर्गसाठी एकही मॅच खेळला नाही.

नशीब वाईट आहे असं म्हणून सोडून देता येईल, काही बाबतीत आहेच. पण मला जे खटकतं ते वेगळं आहे. कॉर्नर शिकवणं म्हणजे हातापायाचं काम आहे, रोज तेच, उलटी पावलं, कंबर, रिसीव्हरच्या छातीवर पहिला हात कुठे आणि कधी ठेवायचा, बॉल यायच्या वेळी मान कधी वळवायची. हे सगळं मॅनसाठी एक आणि झोनसाठी दुसरं. झोनमध्ये तुम्ही क्वार्टरबॅककडे बघता, मॅनमध्ये रिसीव्हरच्या कमरेकडे. स्टीलर्स २०१० नंतरची बरीच वर्षं या दोन्हीच्या मध्ये लटकले, ड्राफ्ट केले मॅनसाठीचे स्पीडवाले पोरं आणि खेळवले झोनमध्ये, मग होगनसारखी मॅच झाली की अचानक मॅनकडे वळले. ज्याच्या नजरेची सवयच अर्धी इकडे अर्धी तिकडे त्याने त्या अर्ध्या क्षणात निर्णय कसा घ्यायचा? ब्लाऊंटच्या वेळी तो काय होणार हे टीमला माहिती होतं. बर्न्सच्या वेळी तो काय व्हायला हवा हेच ठरलं नव्हतं असं मला वाटतं.

आणि जे घडले तेही राहिले नाहीत. लुईसचं सांगितलंच. कॅमेरॉन सटन, २०१७ चा तिसरा राऊंड, हळूहळू शहाणा, भरवशाचा कॉर्नर झाला, २०२३ ला डेट्रॉइटने जास्त पैसे दिले, गेला. नंतर परतही आला पण ती गोष्ट वेगळी. लीगमध्ये प्रत्येक टीमला पगारावर मर्यादा असते, स्टीलर्स तो पैसा पास रशर्सवर, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून जाणाऱ्यांवर, लावतात, मग कॉर्नरची वेळ आली की हात आखडतो.

मग दुसरा मार्ग, आयते घ्या. २०१७ ला क्लीव्हलँडने जो हेडनला सोडलं आणि त्याच दिवशी जवळपास स्टीलर्सनी त्याला धरलं, वय २८, आणि हा सौदा उत्तमच ठरला, पाच सीझन खेळला, २०१९ चा प्रो बोलही मिळाला. पण त्याने सवय लागली. २०१९ ला स्टीव्हन नेल्सन, २०२३ ला ३२ वर्षांचा पॅट्रिक पीटरसन, २०२४ ला डॉन्टे जॅक्सन, २०२५ ला ३४ वर्षांचा डॅरियस स्ले, आणि जून २०२५ मध्ये मिंका फिट्झपॅट्रिक देऊन जेलन रॅम्सी, वय ३०, ज्याला पुढे त्याच सीझनमध्ये सेफ्टीला खेळवावं लागलं. नावं बघा, यातले तिघं म्हणजे हेडन, पीटरसन, रॅम्सी त्यांच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या सातात गेलेले, म्हणजे जे स्टीलर्सना तरुणपणी कधीच मिळणार नव्हते. ते मिळाले तेव्हा गुडघे वापरून झालेले. कॉर्नरचं वय तिशीनंतर फार झपाट्याने उतरतं कारण स्पीडचा एक दशांश सेकंद गेला की सगळं गेलं. पीटरसन पिट्सबर्गमध्ये एकच सीझन टिकला. दर वर्षी नवीन माणूस आणायचा, त्याला पद्धत शिकवायची, आणि तो असतो म्हणून तरुण पोराला खेळायला मिळत नाही.

म्हणून २०२३ चा ड्राफ्ट मला महत्त्वाचा वाटतो. स्टीलर्सनी चेस क्लेपूल हा रिसीव्हर शिकागोला दिला होता, त्याच्या बदल्यात मिळालेला दुसऱ्या राऊंडचा पिक शिकागो भरपूर हरल्यामुळे ३२ वा निघाला. त्यावर घेतला जोई पोर्टर ज्युनियर, पेन स्टेटचा, वडील जोई पोर्टर स्टीलर्सचेच लाईनबॅकर, पोरगा याच टीमच्या आसपास वाढलेला. सहा फूट दोन इंच, हात ३४ इंच लांब, म्हणजे रिसीव्हरला पहिल्या पावलालाच अडवायला देवाने बनवलेला. आणि या वेळी टीमने पहिल्यांदा गोंधळ घातला नाही. सुरुवातीला थोडं थोडं खेळवला, बाल्टिमोरविरुद्ध एंड झोनमध्ये लमार जॅक्सनचा बॉल पळवला, मग सीझनच्या मध्यापासून सरळ सांगितलं की समोरचा सगळ्यात भारी रिसीव्हर तुझा. पहिल्याच वर्षी हे काम पोराला देणं म्हणजे मोठा भरवसा आहे, आणि तो बऱ्याच वेळा त्याला जागला. अडचण एकच, ते लांब हात पाच यार्डांनंतरही रिसीव्हरच्या जर्सीवर राहतात आणि फाऊलचे पिवळे रुमाल पडतात, ब्लाऊंटचा नियम ब्लाऊंटच्याच टीमच्या पोराला नडतोय. इंटरसेप्शनही अजून कमी. पण हे दोन्ही शिकवता येतं, नसलेला स्पीड आणि नसलेली हिंमत शिकवता येत नाही.

त्याच्या बाबतीत एक बारकावा आहे. एरवी ३२ वा पिक पहिल्या राऊंडचा शेवटचा असतो आणि पहिल्या राऊंडच्या खेळाडूला टीम पाचव्या वर्षासाठी स्वतःच्या मर्जीने ठेवू शकते. २०२३ ला मायामीचा पहिल्या राऊंडचा पिक लीगने शिक्षा म्हणून काढून घेतला होता, त्यामुळे पहिला राऊंड ३१ वरच संपला आणि पोर्टर दुसऱ्या राऊंडचा पहिला ठरला. म्हणजे पाचव्या वर्षाची सोय नाही, चार वर्षांचा करार २०२६ च्या सीझनसोबत संपतो. त्याआधी स्टीलर्सनी त्याला मोठा करार दिला तर ते स्वतः निवडलेल्या, स्वतः शिकवलेल्या कॉर्नरवर टॉपचा पैसा लावतील. नाही दिला तर लुईस आणि सटनच्या मागे तिसरं नाव लागेल आणि परत कोणीतरी तिशीतला स्टार शोधायला सुरुवात होईल.